शेवंतावहिनींची सोबत

शेवंतावहिनींवर मी जवळजवळ चाळीस वर्षं जळले. हे कुणाला कळत नाही अशी माझी समजूत होती. आईला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि खुद्द वहिनींना बहुतेक त्याच्याही आधीपासून, हे मला फार उशिरा कळलं.

लालबागच्या आमच्या तीन मजली चाळीत तळमजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. नवरा गिरणीत कामाला असतानाच वारला, मूलबाळ नाही, म्हणून त्यांनी खानावळ चालवायला घेतली. गावाहून एकटे आलेले आठ-दहा कामगार पाळीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला यायचे. आम्ही पहिल्या मजल्यावर. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आई घरी, आणि मी नुकतीच नर्सिंग शिकायला लागलेली. चाळीतली पहिली नर्स! पांढरा गणवेश घालून जिना उतरताना लोकांनी वळून बघावं असं मला वाटे आणि लोक बघतही. पण जिन्याच्या तळाशी वहिनी टोप घासत बसलेल्या असत. त्या मान वर करून म्हणायच्या, "गो रोहिणी, येताना माझा एक काम करशीत?" झालं. संध्याकाळी मी त्याच पांढऱ्या गणवेशात, हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन चाळीत शिरायचे.

'माझा एक काम करशीत' हे त्यांचं पालुपद. लहानांना, मोठ्यांना, खुद्द चाळीच्या मालकालाही त्या हेच म्हणत. कुणाला 'हे तुझ्या भल्यासाठी कर' असं त्यांनी कधी सांगितलेलं मला आठवत नाही. काम नेहमी त्यांचं असायचं आणि उपकार समोरच्याचे. यातली मेख समजायला मला नोकरीची छत्तीस वर्षं पुरली नाहीत.

दिसायला काही विशेष नव्हत्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, डाव्या गालावर तेलाच्या चटक्याचा डाग, सकाळी दातांना मशेरी लावल्याशिवाय तोंडातून शब्द नाही. हात मात्र कायम गरम, अगदी भर पावसाळ्यातसुद्धा. जन्मभर तव्यापाशी बसल्यावर कुणाचेही होतील, असं मी स्वतःला समजावत असे. माझे हात थंड आहेत. सुई टोचणारीचे हात थंड असले की पेशंट सुईच्या आधीच अंग चोरतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. मिटला नाही. खानावळीतली माणसं एकेक करून गावाला गेली. बाबा गेले नाहीत. ते गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या गिरणीच्या चिमणीकडे बघत बसायचे आणि जेवायला हाक मारली की "भूक नाय" म्हणायचे. घर माझ्या विद्यावेतनावर चाललं होतं आणि लेकीच्या कमाईचा घास त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. हळूहळू गळ्याची हाडं वर आली. मी पुस्तकातला तक्ता काढून त्यांना प्रथिनं आणि जीवनसत्त्वं समजावून सांगितली. आईने रडून बघितलं. बाबा हलले नाहीत.

एके दुपारी वहिनी वाटी घेऊन वर आल्या. "भाऊ, माझा एक काम करशात? माझ्या जिभेची चव गेली हा. ह्या आमटीत मीठ बरोबर आसा काय, तेवढा सांगा."

बाबांनी बोट बुडवून चाटलं. "बरा आसा."

"नुसत्या बोटान काय कळतला? भाताबरोबर सांगा." आणि पदराआडून भाताची ताटली निघाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात बाबा गॅलरीतून खाली ओरडायला लागले, "शेवंता, आज कोकम जास्त झाला गो!" महिन्याभरात ते ताट पुसून जेवत होते. वहिनींच्या जिभेची चव बिलकूल गेलेली नव्हती. मी शिकाऊ असले तरी एवढं मला कळत होतं. बाबा जेवायला लागले याचा आनंद मला झालाच, खोटं कशाला बोलू. पण माझ्या हातचं नाकारून ते तिच्या हातचं जेवले, हे मी विसरले नाही. गिरण्या गेल्या, बाबा गेले, तरी नाही.

माझं त्यांच्यापुढे एकदाच चाललं. संपाच्याच दिवसांत त्यांचा पाय विळीवर कापला. एका डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि अर्ध्या तासात वहिनींचं तोंड सुजून डोळे मिटले, श्वास अडकायला लागला. मी नेमकी घरी होते. टॅक्सीत घालून त्यांना इस्पितळात नेलं, वॉर्डात धावपळ केली, वाचल्या. दुसऱ्या दिवशी खाटेशी उभी राहून, आमच्या मेट्रनबाई आमच्यावर उगारायच्या तसं बोट उगारून मी त्यांना म्हटलं, "वहिनी, यापुढे कुठल्याही डॉक्टरने सुई काढली तरी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही. कळलं?"

सुजलेल्या तोंडाने त्यांनी मुकाट मान हलवली. त्या मानेचं सुख मला आठवडाभर पुरलं. मग मी ते विसरून गेले.

त्यानंतरची वर्षं सगळ्या गिरणगावाची गेली तशीच आमचीही गेली. चिमणी पाडली, तिथे काचेची इमारत आली. मी लग्न केलं नाही, आई आणि मी दोघीच राहिलो. पालिकेच्या दवाखान्यातून मी निवृत्त झाले. वहिनींची खानावळ आक्रसत चाळीतल्या दोन-चार म्हाताऱ्यांच्या डब्यांवर आली. आईचं निम्मं आयुष्य मात्र त्यांच्याच उंबऱ्यावर जायचं. घरी आली की सुरू, "शेवंता म्हणता..." शेवंता म्हणते उद्या पाणी उशिरा येणार. शेवंता म्हणते गुडघ्याला एरंडेल लाव. गुडघ्यासाठी मी आणलेलं मलम तसंच पडून असायचं.

मग ती साथ आली. पुढच्या वर्षी म्हाताऱ्या माणसांसाठी लस आली, जवळच्या शाळेत केंद्र उघडलं आणि मला वाटलं, आता माझा दिवस आला. जन्मभर हेच तर काम केलं. चाळीत साठीच्या पुढची अठरा माणसं होती. मी खुर्च्या लांब लांब मांडून सगळ्यांना चौकात बोलावलं, मोठ्या कागदावर तक्ता काढला आणि लस कशी काम करते ते सांगितलं. काही लपवायचं नाही ही माझी शिस्त, म्हणून ताप येऊ शकतो, हात दुखतो, अंग मोडून येतं, हेही ओळीने सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावरचे तात्या परब उठून उभे राहिले. हा जुना गिरणीवाला म्हणजे चाळीचा आवाज. गणपतीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. ते म्हणाले, "म्हणजे सिस्टर, बऱ्या असलेल्या माणसान स्वतःच्या पायान जावन ताप घेवन येवचो?"

चौक हसला. हसू ओसरलं तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत होत्या. वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, याचाही मला राग आला.

बाकीच्यांचं मी कर्तव्य म्हणून करत होते. भीती मला आईची होती. ब्याऐंशी वर्षांची, साखरेचं दुखणं. शेजारच्या चाळीतून रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती आणि खाटा कुठेच मिळत नव्हत्या. आई गेली तर घरात माझ्याशी बोलायला भिंती उरणार होत्या. मी समजावलं, चिडले, एकदा तर पाया पडले. ती म्हणाली, "तू सांगतंस तेव्हा माका आजारी पडल्यासारखा वाटता."

दोन दिवसांनी वहिनी दारात. "काकी, माझा एक काम करशात? तात्या परब सुयेक घाबरतत. पुरुष माणूस, सांगूक लाजतत. तुमी नुसती सोबत येवा. बाजूक बसलात तरी पुरे."

आईने ठेवणीतलं लुगडं काढलं. ब्याऐंशी वर्षांची बाई सोबत म्हणून निघाली! तिकडे तात्यांना वहिनींनी सांगून ठेवलं होतं की काकी सुईला घाबरतात, तुम्ही नुसते सोबत या. दोघं एकमेकांना धीर देत शाळेत गेली, एकमेकांना दाखवायला म्हणून दोघांनी बाह्या वर केल्या आणि दोघंही टोचून घेऊन परत आली.

"तात्यासाठी घेतलंय हो मी," आई मला म्हणाली. "आणि शेवंतान माझो हात धरल्यान. गरम हात तिचो. सुई कळली पण नाय."

मी न्हाणीत जाऊन रडले. आई वाचली म्हणून रडले आणि तोंड धुताना जळले. छत्तीस वर्षं मी सुया टोचल्या आणि माझ्याच आईला सुई कळली नाही ती शेवंताच्या हातामुळे.

उरलेल्यांसाठी वहिनींनी तात्यांनाच कामाला लावलं. आमच्याकडे गाऱ्हाणं ही थट्टेची गोष्ट नाही. एकजण देवाला हाक मारून सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा तोंडातून 'व्हय म्हाराजा' गेलं की तो देवाला दिलेला शब्द, मग मागे फिरायची सोय नाही. एका शनिवारी सकाळी तात्या चौकातल्या मारुतीपुढे उभे राहिले. बाकीचे आपापल्या गॅलरीत, तोंडाला फडकी बांधून.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिन्ही मजले गरजले.

"ह्या चाळीवर जी काय इडापीडा इली आसात, ती समुद्रापलीकडे धाड!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझी जी लेकरा शाळेत सुई घेवन इली आणि जी सोमवारपासून घेवक जाणार आसत, तेंच्या पाठीशी उभो रव! खालच्या माळ्यावरचो गोविंद, राधाबाय, पयल्या माळ्यावरची काकी..."

नावामागून नावं आली. मागे उभ्या राहून वहिनी एकेक नाव पुरवत होत्या. 'सुई' या शब्दाला काही गॅलऱ्या चपापल्या, पण तोंडं सवयीने उघडलीच. "व्हय म्हाराजा!" गोविंदाने तर दोन्ही हात जोडून म्हटलं आणि मग बायकोकडे बघत राहिला. अडकले सगळे.

माझं तोंड बंद होतं. मी एकटीनेच 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. तक्त्याने जे झालं नाही ते चार आरोळ्यांनी झालं, याला मी कशाला दाद देऊ? आणि नावं मात्र मी मोजत होते. अठरा जण चाळीत होते, सतराच नावं आली. अठरावं शेवंताचं, ते आलंच नाही.

सोमवारपासून वहिनी रोज दोघा-तिघांना घेऊन शाळेत जायला लागल्या. केंद्रावरची सिस्टर माझ्या हाताखाली तयार झालेली. एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, तुमच्या चाळीतल्या त्या मावशी सगळ्यांचे हात धरून बसतात. स्वतः मात्र खुर्चीवर बसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, नंतर."

मला काय व्हायला हवं होतं? काळजी वाटायला हवी होती. मला आनंद झाला. जन्मभर ज्या बाईत खोट सापडली नव्हती तिची खोट माझ्या हातात आली होती. सगळ्यांना देवाच्या शब्दात अडकवून स्वतः बाहेर! मी ते कुणाला सांगितलं नाही, वहिनींनाही विचारलं नाही. पुढे कधीतरी आई "शेवंता म्हणता" करायला लागली की सांगायचं, म्हणून जपून ठेवलं.

तीन आठवडे ठेवलं. त्या तीन आठवड्यांत वहिनी दोनदा आमच्या दारात आल्या. "रोहिणी, माझा एक काम..." पहिल्यांदा मी "आई झोपलीय" म्हणून दार लोटलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "आत्ता वेळ नाही, वहिनी." वेळच वेळ होता. निवृत्त बाईला काय काम असतं? मी दाराआड उभी राहून त्यांच्या चपला जिना उतरताना ऐकल्या.

मग एके सकाळी आई म्हणाली की शेवंताने आज डबे केले नाहीत. मी तशीच खाली गेले. वहिनी खाटेवर बसल्या होत्या, अंगावर शाल, डोळे लाल. मला बघून त्यांनी हात केला, "भायरच रव गो. माका ताप हा. कालपासून खोकलो पण."

मी उंबऱ्यावरूनच ओरडले. धास्तीने आवाज चढला होता. "लस का नाही घेतलीत? सगळ्या चाळीला नेलंत आणि स्वतः का नाही?"

"तूच नको म्हटलंलस ना?"

"मी? कधी?"

"संपात. माझा तोंड सुजला तेव्हा. तू म्हटलंस, माका इचारल्याशिवाय सुई घेवची नाय. म्हणान घेवक नाय कधी." त्या खोकल्या, थांबल्या. "आणि माझा तोंड परत सुजला असता तर ही सगळी दुसऱ्या सुयेक इली असती? म्हणान म्हटला, आधी तुका इचारूया. दोनदा इल्लंय मी."



पेनिसिलिन सोसत नाही म्हणून ही लस नाकारायचं कारण नव्हतं. डॉक्टरांना जुनी हकीकत सांगायची, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून नजर ठेवायची, एवढंच. एका मिनिटाचं उत्तर होतं आणि चाळीत ते एकट्या मलाच येत होतं. तीन आठवड्यांत लसीचा किती उपयोग झाला असता, याची आकडेमोड मी नर्स म्हणून अनेकदा केली आहे. तो पुरता झाला नसता. काहीच झाला नसता असंही नाही.

"वहिनी, घ्यायला काही हरकत नव्हती," मी म्हटलं. "मी बसले असते बाजूला."

"मगे बरा झाला असता," त्या म्हणाल्या. "तुझी सोबत मिळाली असती." आणि हसल्या. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. जिच्याबद्दल मी जन्मभर म्हटलं की माझं कुणी ऐकत नाही ते हिच्यामुळे, त्या एकाच बाईने माझा शब्द चाळीस वर्षं पाळला होता.

त्याच दुपारी वहिनींना इस्पितळात नेलं. त्या परत आल्या नाहीत. अकराव्या दिवशी इस्पितळातून फोन आला.

दुसऱ्या सुईची वेळ झाली तेव्हा सतराच्या सतरा जण गेले. एकालाही सांगावं लागलं नाही. प्रत्येक खेपेला मी बरोबर गेले. आईच्या वेळी तिचा हात माझ्या हातात घेतला. तिने माझ्याकडे बघितलं. "थंड हा गो तुझो हात," म्हणाली. पण काढून घेतला नाही.

शेवंतावहिनी मला दिसतात त्या मात्र त्या दुपारच्या, रुग्णवाहिका चौकात आली तेव्हाच्या. गाडीबरोबरच्या माणसांनी खुर्ची आणली होती, ती त्यांनी नाकारली आणि भिंतीला हात लावत चालत निघाल्या. तिन्ही गॅलऱ्यांत म्हातारी माणसं कठड्याला धरून उभी होती. मी आईशेजारी होते. गाडीच्या पायरीवर पाय ठेवून वहिनी वळल्या आणि त्यांनी वर बघितलं, तळमजल्यापासून वरपर्यंत, एकेका खोलीकडे. मला वाटलं, त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं. त्याही वेळी मला तेच वाटलं. मग त्यांनी हात वर करून दोन बोटं दाखवली. दुसरी सुई. विसरू नका.

क्षणभर कुणाला उमगलं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरून तात्यांचा आवाज आला, फाटलेला. "व्हय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आई ओरडली. गोविंद ओरडला, राधाबाय ओरडली, सगळी चाळ ओरडली.

मीही म्हटलं. पण माझं तोंड उघडेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं.